ताडपत्री ते पत्रा : जुन्नर-आंबेगाव परिसरातील जीपच्या छताचा तांत्रिक व सामाजिक इतिहास

प्रस्तावना

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच नाणेघाट, सातवाहनकालीन लेणी, शिवनेरी किल्ला आणि भीमाशंकर यांकडे जाते. हा इतिहास वैभवशाली आहे आणि त्याचा अभ्यासही विपुल झाला आहे. त्या मानाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ग्रामीण जीवनाची भौतिक साधने इतिहासलेखनात क्वचितच येतात. एस.टी., सायकल, मोटारपंप, जीप आणि ट्रॅक्टर यांनी दोन पिढ्यांचे दैनंदिन जीवन बदलले. मात्र त्यांच्या नोंदी बहुधा सरकारी आकडेवारीपुरत्याच राहिल्या.

प्रस्तुत निबंधात यांपैकी जीप या वाहनाचा आणि त्यातही त्याच्या एकाच भागाचा, म्हणजे छताचा, विचार केला आहे. जीप मूळात कापडी, काढता-घालता येणाऱ्या छतासह आली. पुढे ग्रामीण भागात तिच्यावर पत्र्याचे किंवा फायबरचे पक्के छत बसविण्याची प्रथा रूढ झाली. आज जुन्या जीपना संग्राह्य वस्तू म्हणून मूल्य येत असताना तेच पक्के छत उतरवून पुन्हा कापडी छत चढविले जात आहे. हे परिवर्तन केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. हवामान, रस्ते, बाजारपेठ, प्रवासी वाहतूक, कायदा आणि वारशाची कल्पना या सर्वांचे धागे त्यात गुंतलेले आहेत.

उद्दिष्टे

१. जीपच्या कापडी छताकडून पक्क्या छताकडे झालेल्या बदलाची भौगोलिक व सामाजिक कारणे स्पष्ट करणे.
२. या बदलामागील स्थानिक कारागिरीचे तांत्रिक स्वरूप समजून घेणे.
३. वाहनातील बदलासंबंधीचा कायदा आणि ‘मूळ स्वरूप’ ही वारशाची कसोटी यांचा या बदलाशी असलेला संबंध तपासणे.

भौगोलिक पार्श्वभूमी

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील शेजारी तालुके आहेत. दोन्हींची रचना एकसारखी आहे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग, मध्यभागी नद्यांची खोरी आणि पूर्वेस सपाटीचा, तुलनेने कोरडा प्रदेश. भीमाशंकर परिसरात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; पूर्वेकडील मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात त्याचा लहानसा अंशच पोहोचतो. पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात पावसाचे प्रमाण इतके बदलत असल्यामुळे येथील वाहनाला एकाच फेरीत धुके, मुसळधार पाऊस, चिखल आणि कोरडी धूळ या सर्वांना तोंड द्यावे लागते.

पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा या गावांना जोडतो. पूर्वी त्याचा क्रमांक ५० होता, आता तो ६० आहे. कल्याणहून माळशेज घाटाने वर येणारा आणि आता ६१ क्रमांकाने ओळखला जाणारा महामार्ग त्याला आळेफाट्यावर छेदतो. बाजार, तालुक्याची कचेरी, दवाखाना आणि महाविद्यालय यांसाठी पश्चिमेकडील आदिवासी गावांना घोडेगाव, जुन्नर, मंचर किंवा नारायणगाव गाठावे लागते. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी पूर्वेकडे सिंचन नेले, तर वरच्या भागात जलाशयांमुळे काही जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. मूळ आंबेगाव हे गावही डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. अशा भूप्रदेशात चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनाला स्थान मिळाले, यात नवल नाही.

छताची जुनी परंपरा

काढता-घालता येणारे छत ही येथील लोकांना नवी गोष्ट नव्हती. प्रवासाच्या दमणीला बांबूच्या किंवा वेताच्या कमानी असत आणि त्यांवर कापड वा चटई टाकली जाई. मालाच्या बैलगाडीवर पावसाळ्यात तट्ट्या किंवा ताडपत्री बांधली जाई आणि पेंढ्या वाहण्याच्या वेळी ती काढून ठेवली जाई. टांग्याचा टपही दुमडता येई. ‘टप’ हा शब्द मराठीत दोन्ही अर्थांनी चालतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. टांग्याचा दुमडणारा कापडी टप आणि सामान चढविण्याचा एस.टी.चा पक्का टप, या दोहोंना एकच शब्द आहे. जीपच्या छताचा इतिहास हा एका अर्थाने या शब्दाच्या पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झालेला प्रवास आहे.

घरांच्या बाबतीतही असेच घडले. पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे हे दरवर्षीचे काम असे. गवत, पेंढा आणि पाने यांचे छप्पर वर्षा-दोन वर्षांनी बदलावे लागे. त्याची जागा पुढे कौलांनी आणि नंतर पत्र्याने घेतली. पत्रा उन्हात तापतो, पावसात वाजतो, तरी लोकांनी तो स्वीकारला, कारण दरवर्षीची शाकारणी वाचली. जीपवरील ताडपत्रीच्या जागी पत्रा आला, त्यामागेही हाच व्यवहार होता.

उघड्या वाहनाचे आगमन

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धात झाला. १९४१ ते १९४५ या काळात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीप बनविल्या. या वाहनाचे छत मुद्दामच हलके ठेवलेले होते. दोन लोखंडी कमानी आणि त्यांवर ताणलेले जाड कापड, एवढीच त्याची रचना होती. छत उभे असताना गाडीची उंची पावणेदोन मीटरच्या आसपास असे. छत उतरवून पुढची काच बॉनेटवर आडवी केली की ती सुमारे १.३ मीटर होई. शत्रूच्या नजरेस न पडणे, जहाजात कमी जागा व्यापणे आणि क्षणात बाहेर उडी मारता येणे, या लष्करी गरजांतून हे छत घडले होते. त्यात सह्याद्रीच्या पावसाचा विचार असण्याचे कारण नव्हते.

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुंबईतील माझगाव येथे विलीज जीपच्या जोडणीस १९४०च्या दशकाच्या अखेरीस प्रारंभ केला. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे प्रतिरूप भारतात दीर्घकाळ बनत राहिले आणि १९८०च्या दशकातील एमएम ५४० सारख्या डिझेल जीपच्या रूपाने त्याची परंपरा चालू राहिली.

ग्रामीण महाराष्ट्रात जीप प्रथम आली ती मुख्यतः शासनाबरोबर. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेली समुदाय विकास योजना, हिवताप निर्मूलनाची मोहीम आणि १ मे १९६२ पासून कार्यरत झालेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांच्या कामात जीप हे अधिकाऱ्याचे वाहन बनले. पाटबंधारे आणि वन या खात्यांच्या कामासही ती सोयीची होती. सरकारी वापरातून बाद झालेल्या जीप लिलावात विकल्या जात आणि तेथून त्या बागायतदार, ठेकेदार व खासगी वाहतूकदार यांच्या हाती येत. छतबदलाचा इतिहास या दुसऱ्या मालकापासून सुरू होतो. अधिकाऱ्याच्या जीपला मुख्यतः दौऱ्यापुरते छत लागे. नव्या मालकाला ते बारा महिने आणि दिवसभर लागत होते.

कापडी टपाच्या मर्यादा

कापडी छताचे काही गुण निर्विवाद होते. ते हलके होते, उन्हाळ्यात हवा खेळती ठेवी, फाटल्यास गावातल्या शिंप्याकडून किंवा ताडपत्रीच्या दुकानातून दुरुस्त होई आणि गरजेप्रमाणे काढता येई. शेतीमाल, पाइप, खांब यांसारख्या लांब वस्तू नेताना उघडी जीप सोयीची पडे.

परंतु त्याच्या उणिवाही तितक्याच ठळक होत्या. शिवणीतून पाणी झिरपणे ही पहिली उणीव. शिवणीचे प्रत्येक छिद्र हे पाण्याचे दार असते. मेण किंवा डांबरी लेप दिला तरी घडी घालण्याच्या जागी तो तडकतो. दुसरी उणीव पुढील काचेच्या वरच्या पट्टीची. तेथे कापड बटणांनी किंवा पट्ट्यांनी अडकविलेले असते, त्यामुळे घाटातील समोरून येणारा वारा आणि पाऊस याच फटीतून आत शिरतो. तिसरी उणीव बाजूच्या पडद्यांची. त्यांतील पारदर्शक प्लॅस्टिक उन्हाने पिवळे आणि अपारदर्शक होते, परिणामी चालकाला मागचे व बाजूचे दिसत नाही. चौथी उणीव सुरक्षिततेची. कापडी जीपला कुलूप लावता येत नाही, त्यामुळे बाजाराच्या गावी उभी केलेली गाडी सामानासह राखावी लागते. साधारणपणे तीन-चार पावसाळ्यांनंतर कापड बदलावेच लागे. प्रवासी वाहतुकीसाठी रोज धावणाऱ्या गाडीत ही मुदत आणखी कमी होई.

पक्क्या छताची कारागिरी

पक्के छत बसविण्याचे काम मोठ्या कारखान्यांत झाले नाही. महामार्गावरच्या आणि बाजारपेठांच्या गावांतील वेल्डर, पत्राकाम करणारा कारागीर आणि रंगारी यांच्या संगनमतातून ते उभे राहिले. ट्रकचे हौदे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी दारे आणि पत्र्याची छपरे बनविणारे हात हेच होते. त्यांच्या कौशल्याची छाप जीपच्या छतावर पडली.

जीपची रचना या कामास अनुकूल होती. तिचे शरीर शिडीसारख्या स्वतंत्र चासीवर बोल्टने बसविलेले असते. गाडीचा भार आणि रस्त्याचे हिसके चासी पेलते. छत त्यात सहभागी नसते. त्यामुळे कापडी छत काढल्याने सांगाडा दुबळा होत नाही आणि पत्र्याचे छत बसविण्यासाठी सांगाड्याची फेररचना करावी लागत नाही. कारागिराने कमानींच्या जागी चौकोनी पोकळ नळीचा किंवा कोनपट्टीचा सांगाडा उभारावा, तो शरीराच्या कडेला बोल्टने आवळावा आणि त्यावर पत्रा बसवावा, इतके हे काम सरळ होते. मात्र सरळ दिसणाऱ्या या कामात चार निर्णय महत्त्वाचे ठरत.

पहिला निर्णय पत्र्याच्या जाडीचा. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो असते, १.२ मिलिमीटरच्या पत्र्याचे सुमारे ९.४ किलो. अडीच चौरस मीटरच्या छतासाठी जाड पत्रा वापरला तर केवळ वरच्या पत्र्याचेच वजन साडेतेवीस किलोच्या आसपास जाते. सांगाडा, बाजूच्या भिंती, काचा आणि मागचे दार यांचे वजन वेगळेच. पातळ पत्रा हलका, परंतु तो थरथरतो आणि खडबडीत रस्त्यावर वाजतो. यावर उपाय म्हणून पत्र्याला उभ्या पन्हळी दिल्या जात, त्यामुळे कमी जाडीतही त्यास ताठपणा येई. पुढे फायबरची छते आली. ती गंजत नाहीत आणि हलकी असतात, मात्र बोल्टच्या छिद्रांभोवती तडकतात.

दुसरा निर्णय पुढील काचेचा. मूळ जीपची काच बिजागरीवर पुढे आडवी होते. पक्के छत काचेच्या चौकटीला जोडल्यावर ही हालचाल कायमची बंद होते. येथेच जीप आपल्या लष्करी पूर्वजापासून खऱ्या अर्थाने वेगळी होते. काही कारागीर हा सांधा वेल्ड न करता बोल्ट आणि रबरी पट्टीने करीत, जेणेकरून छत पुन्हा उतरविता यावे. हा फरक आज महत्त्वाचा ठरला आहे, कारण बोल्टने बसविलेले छत मूळ चौकटीस इजा न करता काढता येते. वेल्ड केलेले छत काढताना चौकट कापावी लागते.

तिसरा निर्णय पाण्याच्या वाटेचा. पत्रा स्वतः गळत नाही. गळतो तो सांधा. म्हणून दोन्ही बाजूंना पन्हाळ काढणे, दाराच्या वर पत्र्याची ओठणी ठेवणे आणि छताला मागील बाजूस किंचित उतार देणे आवश्यक असे. ज्या छताला हा उतार नसे, त्यावर पाणी साचून दोन-तीन पावसाळ्यांत वेल्डिंगच्या रेषेवर गंज धरे. गंजलेल्या जागी लांबी भरून वरून रंग दिला की दोष झाकला जाई, पण आतून पत्रा कुजतच राही.

चौथा निर्णय आतील अस्तराचा. दमट हवेत प्रवाशांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्याला लागून तिचे थेंब होतात. छत न गळताही आतले लोक भिजतात, असा अनुभव त्यातून येतो. उन्हाळ्यात हाच पत्रा तापतो. म्हणून आतून हार्डबोर्ड, रेक्झिन किंवा फोम लावण्याची पद्धत आली. कापडी छताखाली या अस्तराची गरज फारशी नव्हती.

टप, सामान आणि प्रवासी

पक्के छत आल्याने पाऊस अडला, हा त्याचा अपेक्षित परिणाम. त्याचा न योजलेला परिणाम अधिक दूरगामी होता. छत हे आता सामान ठेवण्याची जागा बनले. कापडी टपावर काहीच ठेवता येत नव्हते. पत्र्याच्या टपावर लोखंडी कॅरिअर बसविता आला. भाजीच्या पाट्या, धान्याची पोती, कोंबड्यांचे खुराडे, हिरड्याची गाठोडी आणि सायकली वर गेल्या, आणि आतली सर्व जागा माणसांसाठी मोकळी झाली. जीपचे अर्थकारण त्यामुळे बदलले.

महाराष्ट्रात प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झालेले होते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढील दशकांत ती तालुक्याच्या गावोगाव पोहोचली. परंतु डोंगरातील वाड्यांना दिवसातून एखाद-दुसरी फेरीच लाभे. उरलेली गरज जीपने भागविली. ‘वडाप’ आणि ‘काळी-पिवळी’ हे शब्द याच व्यवस्थेतून रूढ झाले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार चालक वगळून सहापेक्षा अधिक व बारापर्यंत प्रवासी नेणारे वाहन मॅक्सी कॅब ठरते. प्रत्यक्षात बाजाराच्या दिवशी ही मर्यादा पाळली जात नसे, हे ग्रामीण महाराष्ट्रात सर्वज्ञात आहे.

अशा वाहतुकीत पक्के छत ही प्रतिष्ठेची नव्हे, तर विश्वासाची गोष्ट होती. आजारी माणूस, बाळंतीण, परीक्षेस जाणारा विद्यार्थी यांना भर पावसात कोरडे पोहोचविण्याची हमी त्या छतात होती. मात्र त्याच छताने धोकाही वाढविला. सुमारे १,१०० किलो वजनाच्या जीपचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असे मानले आणि १.९ मीटर उंचीवर २०० किलो भार ठेवला, तर गुरुत्वमध्य सुमारे १९ सेंटिमीटरने वर सरकतो. अरुंद चाकपट्ट्याच्या वाहनास घाटातील वळणावर हा फरक उलटण्यास पुरेसा ठरू शकतो. टपावर माणसे बसली तर हा धोका आणखी वाढतो. १९८८ च्या अधिनियमाच्या कलम १२३ ने वाहनाच्या टपावर, पायफळीवर किंवा बॉनेटवर प्रवास करण्यास मनाई केली आहे. शिवाय पातळ पत्र्याचे छत गाडी उलटल्यास चेपते. संरक्षण देण्याची क्षमता असते ती चासीशी जोडलेल्या जाड नळीच्या पिंजऱ्यात. पक्के दिसणारे छत सुरक्षितच असते, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो.

अन्यत्रचे उदाहरण

हा प्रश्न केवळ ग्रामीण भारताचा नाही. अमेरिकेतही नागरी जीपसाठी धातूची तयार छते बाजारात आली होती. तेथील आरामदायी मोटारींच्या इतिहासात याचे दुसरे रूप दिसते. गॉर्डन ब्यूरिग या अभिकल्पकाने छताचे दोन भाग काढता येतील आणि मध्ये एक दांडा राहील अशा रचनेचे पेटंट १९५१ मध्ये मिळविले. १९६८ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये ही रचना मोठ्या प्रमाणावर आली आणि पुढे इतर मोटारींतही पसरली. कालांतराने रबरी पट्ट्या झिजून या छतांतून पाणी गळू लागले आणि काही मालकांनी ती जागा कायमची बंद करून एकसंध छत बसविणे पसंत केले.

दोन्हींतील फरक बोधप्रद आहे. स्वतंत्र चासी नसलेल्या मोटारीत छत हा गाडीच्या बळाचाच भाग असतो. तेथे नवे छत जोडताना सांगाड्याचा पीळ, काचेची चौकट आणि दारांच्या फटी यांचा हिशेब करावा लागतो. जीपच्या स्वतंत्र चासीमुळे गावच्या कारागिरास हे काम साध्या अवजारांनी करता आले. तंत्रज्ञान स्थानिक हातांना कितपत वाव देते, हे त्याच्या मूळ रचनेवर अवलंबून असते, असे यावरून दिसते.

कारखान्यातील पक्के छत

स्थानिक कारागिरांनी ओळखलेली गरज कारखान्यांनीही ओळखली. पुण्याजवळील आकुर्डी येथील बजाज टेम्पो या कंपनीची ट्रॅक्स १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि ग्रामीण महाराष्ट्रात ‘ट्रॅक्स’ हे जणू सामान्यनाम झाले. १९९३ मध्ये महिंद्रा आर्माडा, १९९४ मध्ये टाटा सुमो आणि २००० मध्ये महिंद्रा बोलेरो ही वाहने आली. पक्के छत, बंद दारे आणि कुलूप या सुविधा आता कारखान्यातूनच मिळू लागल्या. परिणामी जुन्या जीपवर छत बसविण्याचे काम हळूहळू कमी झाले आणि ते करणारे कारागीर अन्य कामांकडे वळले.

महिंद्राने २०१० मध्ये थार हे वाहन कापडी छतासह आणले. त्यावर अनेक मालकांनी बाहेरून पक्के छत बसवून घेतले. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारमध्ये कंपनीने पक्के आणि कापडी असे दोन्ही पर्याय स्वतःच दिले आणि २०२४ मध्ये आलेली पाच दारांची थार रॉक्स ही स्थिर छताचीच आहे. गावच्या वेल्डरने जे केले, तेच काही दशकांनंतर कारखान्याच्या विक्रीपत्रकात पर्याय म्हणून छापून आले.

कायद्याची भूमिका

मोटार वाहन अधिनियम, १९३९ च्या कलम ३२ मध्ये वाहनात बदल करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून त्याची मान्यता घेण्याची तरतूद होती. १९८८ च्या अधिनियमात कलम ५२ ने हाच विषय हाताळला. २००० सालच्या दुरुस्तीने मात्र दृष्टिकोन बदलला. उत्पादकाने मूळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, अशी भूमिका कायद्याने घेतली. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

या तरतुदींमागील सुरक्षिततेचा हेतू रास्त आहे. टपावरील भाराचे वर दिलेले गणित त्याची साक्ष देते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ज्या काळात बहुसंख्य जीपवर पक्की छते बसली, त्या काळात कायदा बदलास मान्यतेच्या अटीवर वाव देत होता. ज्यांनी मान्यता घेतली त्यांच्या नोंदणी पुस्तकात छताचा बदल लिहिला गेला; ज्यांनी घेतली नाही त्यांची गाडी कागदावर कापडी आणि रस्त्यावर पत्र्याची राहिली. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पिंपरी-चिंचवड येथील परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतात. मालकांकडील जुनी नोंदणी पुस्तके ही त्यामुळे केवळ मालकीची नव्हे, तर स्थानिक तंत्रज्ञानाच्या इतिहासाचीही साधने आहेत.

‘मूळ स्वरूप’ आणि वारसा

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, शरीर किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही तिची प्रमुख अट आहे. अशा वाहनांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली वेगळी क्रमांकपट्टी मिळते. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल अशा मर्यादित कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात.

१९७० च्या आधी नोंदलेल्या जीप वयाच्या दृष्टीने या कसोटीस उतरल्या आहेत. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी पन्नास वर्षे राबलेली जीप सहसा मूळ स्वरूपात नसते. तिचे छत पत्र्याचे झालेले असते आणि अनेकदा पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन आलेले असते. याउलट, जी जीप बंगल्याच्या आवारात उभी राहिली, तिचे स्वरूप टिकते. म्हणजे जी गाडी समाजाच्या उपयोगी पडली ती वारशाच्या कक्षेबाहेर जाते आणि जी पडली नाही ती वारसा ठरते. या कसोटीत इतिहास कारखान्याच्या दाराशी थांबतो.

याचा प्रत्यक्ष परिणाम आज दिसत आहे. उघड्या जीपला लग्नाच्या आणि विजयाच्या मिरवणुकांत मान आहे. संग्राहकांकडून तिला किंमत येते. त्यामुळे जुनी पक्की छते कापून भंगारात दिली जात आहेत आणि त्यांच्या जागी नव्या कापडी छतांची जोडणी होत आहे. एके काळी ज्या उघडेपणातून सुटका हवी होती, तोच आता शोभेचा विषय झाला आहे. मालकाला आपल्या वाहनाचे रूप ठरविण्याचा हक्क आहे, आणि मूळ रूपात आणलेली जीपही अभ्यासास उपयुक्त असते. तथापि छत भंगारात जाताना त्यासोबत सांध्यांची पद्धत, पत्र्याची निवड, रंगाचे थर, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या खुणा आणि कारागिराच्या हाताची ओळख हेही नाहीसे होते. सीजे-३बी या प्रतिरूपाचे मूळ कापडी छत कसे होते, हे कारखान्याच्या पुस्तिकेतून केव्हाही कळू शकते. गावच्या वेल्डरने बनविलेल्या छताची मात्र कोणतीही पुस्तिका नाही. ते छत हाच त्याचा एकमेव दस्तऐवज आहे.

पुरातत्त्वाच्या अभ्यासात एका वास्तूवरील उत्तरकालीन बांधकाम केवळ ‘मूळ नाही’ म्हणून पाडून टाकले जात नाही. आधी त्याची नोंद होते. शिवनेरीसारख्या किल्ल्यावर अनेक राजवटींचे थर एकत्र नांदतात आणि अभ्यासक त्या सर्वांना इतिहास मानतात. विसाव्या शतकातील यंत्रांना हाच न्याय लावण्यास हरकत नसावी.

निष्कर्ष

१. जीपचे कापडी छत लष्करी गरजांतून निर्माण झाले होते. जुन्नर-आंबेगाव परिसरातील पाऊस, धूळ, घाट आणि रोजची प्रवासी वाहतूक यांच्याशी ते जुळणारे नव्हते. पक्के छत हा त्यावरील स्थानिक उपाय होता.
२. स्वतंत्र चासीच्या रचनेमुळे हा बदल गावपातळीवरील कारागिरांना शक्य झाला. पत्र्याची जाडी, काचेचा सांधा, पाण्याची वाट आणि अस्तर यांसंबंधीचे त्यांचे निर्णय हे स्थानिक तांत्रिक ज्ञानाचे पुरावे आहेत.
३. पक्क्या छताने सामानासाठी नवी जागा दिली व ग्रामीण प्रवासी वाहतुकीचे अर्थकारण बदलले. मात्र त्याच वेळी गाडी उलटण्याचा धोका वाढविला.
४. वाहनबदलासंबंधीचा कायदा मान्यतेकडून मनाईकडे सरकला आहे. जुन्या बदलांचे मूल्यमापन करताना ते कोणत्या कायद्याच्या काळात झाले याचा विचार आवश्यक आहे.
५. ‘मूळ स्वरूप’ ही वारशाची एकमेव कसोटी मानल्यास श्रमिक वापरातून घडलेल्या वाहनांचा इतिहास नष्ट होण्याची शक्यता आहे.

या पार्श्वभूमीवर परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना एक मर्यादित, पण तातडीचा उपक्रम हाती घेता येईल. जुन्या जीपचे छत उतरविण्यापूर्वी त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे घेणे, लांबी-रुंदी व पत्र्याची जाडी मोजणे, सांधे वेल्डचे की बोल्टचे याची नोंद करणे, मालकाच्या संमतीने नोंदणी पुस्तकातील बदलांच्या नोंदी उतरवून घेणे आणि हयात कारागिरांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, एवढे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातूनही होऊ शकते. त्यासाठी मोठा निधी किंवा संग्रहालय लागत नाही. ही छते बनविणारी पिढी आता वृद्ध झाली आहे आणि छतेही वेगाने भंगारात जात आहेत. त्यामुळे हे काम जितक्या लवकर सुरू होईल, तितके या परिसराच्या इतिहासलेखनास ते उपकारक ठरेल.